नखं कापताना मूल किंचाळतं? ओटीचं (ऑक्युपेशनल थेरपीचं) घरी काय आणि कसं करायचं

शर्टाचं लेबल टोचतं म्हणून शर्टच काढून टाकणं, मिक्सर लागला की कान दाबून पळणं, नखं कापायला घेतली की घर डोक्यावर घेणं, याला सगळे हट्ट म्हणतात पण त्या पोराला तो स्पर्श, तो आवाज खरंच सहन होत नसतं हो. याला सेन्सरी, म्हणजे संवेदनांचा त्रास म्हणतात, आणि रोजची कामं जमावीत म्हणून असलेली ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच ओटी, यात मदत करते.

पहिला आठवडा उपाय काहीच करू नका, फक्त वहीत लिहा. किती वाजता झालं, त्याआधी काय चाललं होतं, शांत कशाने झालं. तोवर बालरोगतज्ज्ञांकडून कान-डोळे तपासून घ्या, कारण डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांचं निदान करायच्या अमेरिकन पुस्तकात, हा सेन्सरी त्रास वेगळं निदान म्हणून नाहीये आणि दुसरंच काही असेल तर ते निसटायला नको. मग वही ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा.

घरी सगळ्यात कामाला येतं ते जोर लावायचं काम. भिंत ढकलणं, पुस्तकांनी भरलेली टोपली ओढत नेणं, अस्वलासारखं चालणं, ओले कपडे पिळणं, म्हणजे सांध्यांवर आणि स्नायूंवर ताण आला पाहिजे. हे रडारड झाल्यावर नाही, अवघड कामाच्या आधी ५-१० मिनिटं करायचं. नखांचंच घ्या, अंघोळीनंतर नखं मऊ असतात तेव्हा आधी एकेक बोट घट्ट दाबा, मग कापा, आणि बोटं त्यालाच मोजू द्या म्हणजे संपणार कधी ते कळतं. हलकं कुरवाळणं अशा बऱ्याच मुलांना नकोसं होतं, घट्ट दाब चालतो, पण मिठीसुद्धा विचारूनच मारा.

झोका पुढे-मागे, संथ. गोल गोल फिरवणं थेरपिस्टशिवाय नको, आणि चेहरा पांढरा पडला, मळमळलं की तिथेच थांबायचं. वजनदार ब्लँकेट बाळांना अजिबात नाही, मोठ्या मुलालाही ते स्वतःचं स्वतः काढता आलं पाहिजे.

सेन्सरी इंटिग्रेशनची, म्हणजे संवेदना मेंदूने नीट जुळवून घ्याव्यात म्हणून खेळातून काम करायची, ही पद्धत मांडली अमेरिकेतल्या ए. जीन एयर्स यांनी, त्या स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. त्यात मूल स्वतःहून खेळात उतरणं हाच गाभा आहे, म्हणून चिकट माती नको म्हणणाऱ्याचा हात धरून त्यात घालू नका प्लीज. आज चमच्याने हलवेल, उद्या एक बोट लावेल, तेवढं पुरे.

थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा, ध्येय काय ठेवताय? "सेन्सरी सुधारेल" एवढ्यावर समाधान मानू नका. "दात घासताना रडणार नाही" असं रोजच्या जगण्यातलं काहीतरी लिहून घ्या, आणि दोन-तीन महिन्यांनी तीच वही काढून ताडून बघा.