कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज: रक्त कसे तपासावे, अहवाल कसा वाचावा

लग्नाच्या पंगतीतले मटण किंवा शेवभाजीची तर्री खाल्लेला कुत्रा दुसऱ्या दिवशी वारंवार उलट्या करू लागला, अन्नाला तोंड लावेनासा झाला आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरू लागला, तर स्वादुपिंडाला सूज आल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी रक्त तपासावे.

रक्त शक्यतो सलाईन लावण्यापूर्वी घ्यावे. जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त पेशींच्या मोजणीसाठी आणि लाल टोपणाच्या नळीतले सिरमसाठी, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पातळ द्रवासाठी असते. लाल नळी अर्धा तास स्थिर ठेवून रक्त गोठले, की ती सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून सिरम लगेच वेगळे काढावे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे बाहेरगावच्या लॅबला जाणारा नमुना बर्फाच्या पिशव्यांसह थर्मासमध्येच पाठवावा. सिरम ताकासारखे पांढरट दिसले तर रक्तात चरबी फार वाढली आहे असे समजावे. ही खूण महत्त्वाची आहे, पण त्याच चरबीमुळे इतर काही आकडे चुकू शकतात, म्हणून ती अहवालावर नोंदवून घ्यावी.

सर्वात जास्त गफलत होते ती अमायलेज आणि लायपेज या पाचक एन्झाइम्सच्या आकड्यांत. तालुक्याच्या गावी नमुना बहुधा माणसांच्या लॅबमध्ये जातो आणि अहवालावर माणसांच्याच मर्यादा छापून येतात. माणसात अमायलेजची वरची मर्यादा साधारण 100 च्या आसपास असते, तर निरोगी कुत्र्यात तो आकडा 1000 च्या घरातही असू शकतो. तेव्हा अहवालावर ‘वाढलेले’ असे छापले आहे एवढ्यावरून निदान करणे हा त्या जनावरावर अन्याय आहे. शिवाय मूत्रपिंड बिघडले तरी हे दोन्ही आकडे वाढतात आणि डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडने लायपेज चढते, म्हणून आधी दिलेली इंजेक्शने डॉक्टरांना अवश्य सांगावीत.

खरा भरवसा ठेवावा तो सीपीएल चाचणीवर, कारण ती कुत्र्याच्या स्वादुपिंडातलेच लायपेज मोजते. स्पेक सीपीएल, म्हणजे या चाचणीचा लॅबमधून येणारा नेमका आकडा, 200 मायक्रोग्रॅम प्रतिलिटरपर्यंत असेल तर सूज असण्याची शक्यता कमी असते. 400 किंवा त्याहून अधिक आकडा लक्षणांशी जुळत असेल तर निदानाला बळकटी येते. मधला आकडा आल्यास उपचार लक्षणांनुसार चालू ठेवून दोन-तीन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. दवाखान्यातच होणाऱ्या झटपट किटचा निकाल सामान्य आला तर हा आजार बहुतांशी बाजूला ठेवता येतो, मात्र असामान्य आला तर नेमका आकडा मागवावा.

सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा), यकृताची एन्झाइम्स, साखर, कॅल्शियम आणि पोटॅशियम पाहावे. प्लेटलेट कमी दिसल्या तर आपल्या भागात गोचिडांचा तापही तपासावाच लागतो, कारण तो आणि ही सूज एकाच कुत्र्यात असू शकतात. कुत्र्याने हाड किंवा मक्याचे कणीस गिळल्याची शंका असेल, तर सीपीएल वाढलेले असले तरी एक्स-रे आणि सोनोग्राफी टाळू नये.