७.१ हेडफोन घ्यायच्या आधी घरचाच हेडफोन लावून एवढं करून बघा

सेल लागला की आमच्या परभणीतली पोरं एकच विचारायलेत, दादा सराउंडवाला हेडफोन घेऊ का साधा? आधी एक समजून घ्या. सराउंड म्हणजे चारी बाजूंनी येणारा आवाज, अन ७.१ म्हणजे त्यासाठी खोलीत सात स्पीकर अन एक सबवूफर (धमधम आवाजाचा स्पीकर), आणि बॉक्सवर ७.१ लिहिलेल्या बहुतेक हेडफोनमध्ये मात्र दोनच स्पीकर असतात, एक डाव्या कानाला एक उजव्या, बाकी सगळं सॉफ्टवेअर करतं.

पण म्हणून ते खोटं असतं असं नाही. शेतात मागून कोणी हाक मारली तर आपण न बघता वळतोच की, तेपण दोनच कानांवर. एका कानाला आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ आधी पोचतो, दुसऱ्या कानाला डोकं आडवं येतं म्हणून जरा दबका जातो, आणि कानाच्या पाळीच्या आकारानं समोरचा अन मागचा आवाज वेगवेगळा लागतो, सॉफ्टवेअर हेच गणित करतं, त्याला एचआरटीएफ म्हणतात. अडचण एवढीच की ते गणित कुठल्यातरी सरासरी कानावर बसवलेलं असतं अन तुमचा कान तुमचाच असतो, त्यामुळं एकाला भारी वाटतं आणि दुसऱ्याला पुढचं-मागचं कळतच नाही.

म्हणून पैसे घालायच्या आधी फुकटात तपासा. विंडोज १० मध्ये २०१७ पासून विंडोज सोनिक आहे, म्हणजे विंडोजचं स्वतःचं हेडफोनसाठीचं सराउंड, ११ मध्येपण आहे. घरातला कोणताही बरा स्टिरिओ हेडफोन लावा, खाली स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करा, साउंड सेटिंगमधून तुमच्या हेडफोनच्या पानावर जा, स्पेशियल साउंडमध्ये विंडोज सोनिक फॉर हेडफोन्स निवडा. मग ५.१ ट्रॅक (पाच स्पीकर अन एक सबवूफरसाठीचा आवाज) असलेला पिक्चर लावा अन डोळे मिटून बोटानं दाखवा आवाज कुठून आला, लहान भावाला स्क्रीनकडं बघत बसवा म्हणजे तो खरं-खोटं सांगंल. दिशा नीट कळायली तर सराउंड तुमच्या कामाचं आहे आणि ते तुम्हाला आत्ताच मिळालं, नवीन काही घ्यायची गरजच नाही.

यूट्यूबवरचं गाणं लावून टेस्ट करू नका, ते बहुतेक स्टिरिओच असतं, नुसतं डब्यात वाजल्यासारखं होतं. गाण्याला हे बंदच ठेवा.

व्हॅलोरंट किंवा सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) असले गोळीबाराचे गेम खेळत असाल तर गेममध्येच एचआरटीएफ आहे, व्हॅलोरंटमध्ये ते सेटिंगमधून चालू करता येतं, ते चालू असलं की हेडफोनचं अन विंडोजचं सराउंड बंद करा, दोन्ही एकावर एक चढले की पावलांचा आवाज नुसता गिचमिड होतो. माझं स्वतःचं असंच महिनाभर झालं होतं, मला वाटलं हेडफोनच खराब निघाला.

नवीन घ्यायचाच असंल तर चांगला वाजणारा स्टिरिओ घ्या, ७.१ च्या नावाचे जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही. मोबाईलवर खेळणाऱ्यांनी तर हे नक्की बघा, पुष्कळ हेडफोनचं ७.१ कॉम्प्युटरच्या यूएसबी अन त्याच्या सॉफ्टवेअरवरच चालतं, ३.५ मिमीची गोल पिन मोबाईलला लावली की साधा स्टिरिओ. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो अन माइक चालू केला की क्वालिटी पडते, गेमला वायर नाहीतर यूएसबी रिसीव्हरवाला वायरलेस बरा.

आणि आपल्याकडचा उन्हाळा धरून घ्या बरं का, एप्रिल-मे मध्ये हेडफोनच्या कानावरच्या रेक्झिनच्या गाद्या अर्ध्या तासात घामानं चिकटतात अन दोन सीझनमध्ये त्याचे पोपडे निघतात, कापडी गाद्यांचा बघा, गाद्या बदलता येतात का ते विचारा, आणि दुकानात दहा मिनिटं डोक्यावर ठेवूनच बघा, चष्मा असंल तर चष्म्यासकट.