देवदार, चीडचं बी रुजत नाही? या चुका टाळा

शिमला-मनालीहून आणलेला देवदाराचा 'लाकडी गुलाब' फोडून त्यात बी शोधू नका. देवदाराचा शंकू (बी धरणारं लाकडी बोंड) झाडावरच सुटा होतो, बी वाऱ्याबरोबर जातं आणि खाली पडतो तो नुसता शेंडा. जमिनीवर उघडून पडलेले चीडचे (हिमालयातल्या पाइन वृक्षाचे) शंकूही बहुतेक रिकामेच असतात. त्याच हंगामातलं बी खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. किराणा दुकानातले चिलगोझे (एका पाइनच्या खाण्याच्या बिया) पेरण्यात अर्थ नाही. ते बहुधा भाजलेले असतात.

बी हाती आलं की आधी पाच-सहा दाणे ब्लेडने उभे चिरा. आत पांढरा, टच्च भरलेला गर हवा. पोकळ, सुकलेला किंवा खवट वासाचा गर निघाला तर पुढची मेहनत वाया जाईल. तरंगतं म्हणून देवदाराचं बी मात्र फेकू नका. त्याच्या सालीत राळेच्या बारीक पिशव्या असतात, त्यामुळे चांगलं बीही तरंगू शकतं. बीला चिकटलेले पातळ पंख काढताना तळहातावर जोरात चोळलंत तर त्या पिशव्या फुटतात आणि बी बाधतं.

सर्वात जास्त बी मरतं ते साठवणीत. कागदी पाकिटात घालून फ्रिजमध्ये ठेवलेलं बी तिथली दमट हवा शोषून घेतं. बी सावलीत नीट सुकवा (ओलावा साधारण 6 ते 8 टक्के हवा), घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा आणि मग फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर बाटली लगेच उघडू नका, आत दव धरतं. देवदाराचं बी तेलकट, फार टिकत नाही; ते त्याच वर्षी पेरलेलं बरं.

पेरणीपूर्वी सगळ्यांना एकच उपचार, ही दुसरी मोठी चूक. चीडला थंडी लागतच नाही. 24 तास पाण्यात भिजवा आणि पेरा. सखल, उबदार भागात राहणाऱ्यांनी सुरुवात चीडनेच करावी असं मला वाटतं. देवदाराला मात्र भिजवल्यानंतर 2 ते 4 आठवडे ओलसर थंडावा द्या, कैलला (हिमालयातल्याच दुसऱ्या एका पाइनला) त्याहून जास्त. बी ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये मिसळून 3 ते 5 अंशांवर ठेवा. मिश्रण मुठीत दाबलं तर पाणी टपकता कामा नये. पिशवीचं तोंड किंचित उघडं हवं, नाहीतर बी गुदमरतं. आणि भिजलेलं बी फ्रीझरमध्ये कधीच नाही! कोरडं बी गोठणं सोसतं, भिजलेलं मरतं. दर आठवड्याला पिशवी उघडून बघा, कारण देवदार फ्रिजमध्येच मूळ सोडतो. पांढरं टोक दिसलं की त्याच दिवशी पेरा.

एवढं करूनही कोवळी रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली, तर ती रोपमर बुरशी. पाणी कमी करा, हवा खेळती ठेवा, मातीत वाळू वाढवा. रोपाच्या डोक्यावर सालीची टोपी अडकली असेल तर ओढू नका, सुईसारखी पानं तुटतात. सकाळी पाणी फवारून ती मऊ ठेवा, मग आपोआप गळते.