ॲपल पायचा तळ ओला राहू नये म्हणून

घरी दरवर्षी हौसेने केल्या जाणाऱ्या ॲपल पायचा वरचा पापुद्रा खुसखुशीत होतो, पण सफरचंदांना सुटणाऱ्या रसामुळे तळ मात्र बहुधा ओलसर आणि कच्चट राहतो.

१. सुमारे १ किलो सफरचंदांच्या पातळ फोडींना १०० ग्रॅम साखर व थोडा लिंबाचा रस चोळून त्या अर्धा ते पाऊण तास चाळणीत निथळत ठेवाव्यात आणि खाली भांडे ठेवून सुटलेला रस त्यात जमू द्यावा.

२. हा रस फेकू नये, कारण खरी चव त्यातच असते. तो चमचाभर लोण्यासह मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवून, थंड झाल्यावर २ चमचे कॉर्नफ्लोअरसह फोडींत मिसळावा.

३. ओव्हन २२० अंश सेल्सिअसवर तापवताना सर्वांत खालच्या कप्प्यात रिकामा ट्रे ठेवावा आणि पायचे भांडे त्या तापलेल्या ट्रेवरच ठेवावे. वीस मिनिटांनी आच १९० अंशांवर आणावी.

मात्र भांडे काचेचे असल्यास ते फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ट्रेवर ठेवू नये, ते तडकू शकते. या पद्धतीसाठी धातूचे भांडेच वापरावे.