परदेशी विद्यार्थ्याबरोबर गावच्या पाण्याचा अभ्यास करायचा असेल तर

मराठवाड्यातल्या एखाद्या गावात पाणी आणि संडास या विषयावर अभ्यास करायला परदेशी विद्यार्थी येणार आहे आणि दुभाषी म्हणून तुम्ही सोबत असणार आहात. मग तुमचं काम तो विमानात बसायच्या आधीच सुरू होतं. पर्यटक व्हिसावर संशोधन चालत नाही, हे त्याला आधी सांगा. 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी किंवा संशोधन व्हिसावर आल्यास 14 दिवसांत नोंदणी करावी लागते. तो ज्या घरी मुक्कामाला असेल त्या घरमालकानं 24 तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरायची असते. गावात हे सहसा कोणाला माहीत नसतं, तेव्हा तुम्हीच शेजारी बसून भरून द्या. उपग्रहावरून संदेश पाठवणारं ट्रेकिंगचं यंत्र आणू नको, असं स्पष्ट सांगा. परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवासी त्यापायी अडकलेले आहेत.

घरांची यादी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरून (घरपट्टी आकारणीची नोंदवही) काढता येते, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. शेतातल्या वस्त्या आणि पालं तिच्यातून बरेचदा सुटतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीनंतर साधारण मार्च-एप्रिलपर्यंत गावात नसतात, म्हणजे जानेवारीत केलेल्या पाहणीत सगळ्यात गरीब घरांनाच कुलूप दिसेल. मे महिन्यात एक फेरी कराच. सरपंचाच्या घरी मुक्काम सोयीचा असला तरी तिथे राहणाऱ्याला दलित वस्तीत मोकळं बोलणं ऐकायला मिळणार नाही. राहायला शाळेची किंवा समाजमंदिराची खोली बघा आणि पहिली बैठक वस्तीत घ्या.

प्रश्नावली उघडायच्या आधी दोन पहाटा पाणवठ्यावर काढा. "रोज किती लिटर पाणी लागतं?" या प्रश्नाला कोणीही खरं उत्तर देऊ शकत नाही, कारण घरात पाणी हंड्यांनी आणि खेपांनी मोजलं जातं. घरातला हंडा रिकामा आणि भरलेला असा दोनदा काट्यावर तोला. फरक जितके किलो, तितके लिटर. मग खेपा मोजा, एका खेपेची वेळ घड्याळावर लावा आणि घरातल्या माणसांनी भागा. जलजीवन मिशनचा (घरोघरी नळाच्या सरकारी योजनेचा) माणशी रोज 55 लिटरचा आकडा त्यानंतरच शेजारी ठेवा. नळ असला तरी पाणी कितव्या दिवशी, किती वेळ आणि कोणत्या घरापर्यंत येतं ते स्वतः उभं राहून बघा. विहिरीची खोली लोक परसात (माणसाच्या उंचीवरून धरलेल्या मापात) सांगतात आणि परस गावागणिक बदलतो. त्यामुळे वजन बांधलेली मीटरपट्टी सोडून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद केलेली असताना मोजलं तर पातळी खोटी खाली दिसते. पहाटे, उपसा सुरू व्हायच्या आधी मोजा.

क्लोरीन तपासायला ओटी टेस्ट पुरते (पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो), पण ती टाकीखालच्या नळावर करू नका. तिथे क्लोरीन सापडतंच. टेस्ट शेवटच्या घरी करा. पिवळा रंग 10 सेकंदांच्या आत वाचा. उशीर केला की रंग गडद होत जातो आणि नसलेलं मोकळं क्लोरीन दिसू लागतं. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना नळ पुसा, दोन मिनिटं पाणी वाहू द्या आणि निर्जंतुक बाटलीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवा. सहा तासांत प्रयोगशाळेत पोचली तर उत्तम, 24 तासांनंतर तो नमुना कामाचा नाही. तालुक्याला जाणारी एसटी किती वाजता आहे ते आधी विचारा आणि मगच नमुना घ्या.

संडासाबाबत "वापरता का?" हे विचारणंच चुकीचं आहे. 12,000 रुपयांचं अनुदान घेतलेला माणूस "नाही" कसं म्हणेल? परवानगी घेऊन दार उघडा. भांडं कोरडं आहे का, कोपऱ्यात कोळिष्टकं आहेत का, आत गोवऱ्या किंवा सरपण रचलंय का, पाण्याची बादली आणि टमरेल हाताशी आहे का? मग "पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसांची सोय कशी होते?", "लेकरांची शी कुठे टाकता?" असं आडून विचारा. बायकांशी बोलायला बाईच दुभाषी हवी. मागे जाऊन खड्डेही बघा. दोन खड्ड्यांच्या संडासात एका वेळी एकच खड्डा चालू असायला हवा. पुष्कळ ठिकाणी भांड्यातून आलेला मैला खड्ड्यांकडे वळवणाऱ्या चेंबरमधलं एक तोंड बुजवलेलंच नसतं, दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि मग "संडास भरला" म्हणून लोक पुन्हा बाहेर जाऊ लागतात. खड्ड्यापासून हापशापर्यंत टेप लावा. दहा मीटरपेक्षा कमी भरलं तर ते वहीत ठळक लिहा.

दारात गेल्यावर तांब्याभर पाणी पुढे येईल. विद्यार्थ्यानं तोंड वाकडं केलं, तर त्या घरातली गोष्ट तिथेच संपते. तांब्या हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि "डॉक्टरांनी उकळलेलंच सांगितलंय, चहा चालेल" असं म्हणायचं. चहाचं पाणी उकळलेलं असतं आणि चहाला बसलं की बोलणंही होतं. पाणी वाहणाऱ्या बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढू नका, आणि परसाकडे निघालेल्या माणसाचा तर कधीच नको.

गोऱ्या माणसाच्या हातात वही दिसली की "योजना येणार" ही बातमी दुपारपर्यंत गावभर होते. ग्रामसभेत किंवा पारावर तुम्ही स्वतः मराठीत सांगा: हा शिकायला आलाय, पैसे किंवा नळ आणलेले नाहीत. आणि एच टू एसची बाटली (पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर काळी पडणारी तपासणीची बाटली) दुसऱ्या दिवशी काळी पडली, तर प्रबंध छापून यायची वाट बघायची नाही. त्याच सकाळी जलसुरक्षकाला (गावच्या पाण्याची काळजी घेणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाला) ती बाटली दाखवा, टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) पडली का ते बघा, आणि त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या घरांना पाणी उकळून प्यायला सांगून या.