कपाटातला जुना डच डिनर सेट : तो ओळखावा कसा आणि कोकणच्या हवेत जपावा कसा

वेंगुर्ल्यात डचांनी १६३७ मध्ये वखार घातली आणि तिचे पडके अवशेष आजही गावात उभे आहेत. त्यामुळे आसपासच्या पंचक्रोशीत कोणाच्या माडीवरच्या कपाटातून फुलांच्या नक्षीचा जुना डच सेट निघाला, की तो वखारीतलाच असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. ही समजूत कालक्रमाशी जुळत नाही. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जी चिनीमातीची भांडी वाहून नेत, ती चीन आणि जपानमध्ये घडलेली असत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट येथे त्या काळी जे प्रसिद्ध निळे-पांढरे काम होई, ते कथिलयुक्त झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, चढवलेल्या साध्या भाजलेल्या मातीचे होते. खरे पोर्सिलेन, म्हणजे पाणी न शोषणारी पांढरी चिनीमाती, नेदरलँड्समध्ये १७५९ च्या सुमारास वेस्प गावी होऊ लागले आणि १७७४ पासून लोसड्रेख्ट येथे एका पाद्र्याने ते काम पुढे चालवले. या कारखान्यांचे उत्पादन थोडे होते आणि त्यांची फुले हाताने रंगवलेली असत. आपल्याकडच्या घरांत मी जे डच सेट हाताळले, ते बहुतेक मास्ट्रिख्ट शहरातल्या कारखान्यांचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा त्यानंतरचे निघाले. बोटीवर नोकरी करणाऱ्या आजोबा-पणजोबांनी ते आणल्याचे घरचे लोक सांगतात, आणि ती कथा मला वखारीच्या कथेइतकीच मोलाची वाटते.

म्हणून सेट हातात आला की प्रथम तो पोर्सिलेनचा आहे की झिलईच्या मातीचा, हे ठरवावे, कारण पुढची सगळी निगा त्यावर अवलंबून असते. बशी दिव्यासमोर धरून मागे बोटे फिरवावीत. बोटांची सावली पलीकडून दिसली तर ते पोर्सिलेन समजावे, आणि प्रकाश अजिबात आला नाही तर ती बहुधा मातीची आहे, मात्र पोर्सिलेनची जाड बशीही प्रकाश अडवू शकते. अधिक खात्रीची खूण टवका उडालेल्या जागी मिळते : तेथे पाण्याचा एक थेंब सोडावा. माती तो पाहता पाहता पिऊन टाकते, पोर्सिलेनवर तो तसाच राहतो. मातीच्या बशीच्या पाठीवर पुष्कळदा तीन बारीक टोचे दिसतात. भट्टीत बशा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्या ज्या टोकदार आधारांवर ठेवत, त्यांचे ते व्रण होत.

त्यानंतर फुले भिंगाखाली पाहावीत. छापील नक्षीत बारीक ठिपके किंवा समांतर रेघा दिसतात आणि कडेच्या वेलीला कोठेतरी जोड सापडतो, जेथे एखादे पान मध्येच कापल्यासारखे थांबलेले असते. हाताने भरलेल्या रंगात कुंचल्याचा दाब कमीजास्त झालेला कळतो. काही सेटांत बाह्यरेषा छापून पाकळ्या मात्र हाताने रंगवलेल्या असतात, तेव्हा एका पाकळीवरून निकाल देऊ नये. बशी तिरपी करून उजेडात धरली असता रंग झिलईच्या वर थोडे उठून दिसले, तर ते झिलईवरचे रंग आहेत. ते आणि सोनेरी रेघ हे सेटचे सर्वांत नाजूक भाग असतात. पाठीवरच्या शिक्क्यात बसलेला स्फिंक्स, म्हणजे सिंहाच्या धडाचा आणि माणसाच्या डोक्याचा प्राणी, असेल तर तो पेट्रुस रेगू यांनी १८३० च्या दशकात मास्ट्रिख्टमध्ये उभारलेल्या कारखान्याचा समजावा. त्याच शहरातला दुसरा मोठा कारखाना सिंहाची आकृती वापरी. ‘मेड इन हॉलंड’ ही अक्षरे असली तर सेट सर्वसाधारणपणे विसाव्या शतकातला मानायला हरकत नाही.

धुण्याचे काम बहुतेक घरी गणपतीच्या आधी घाईने उरकले जाते आणि तेव्हाच जास्त नुकसान होते. प्लास्टिकच्या टबाच्या तळाशी जाड पंचा अंथरावा, हातातल्या अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्यात, आणि कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब घालून एका वेळी एकच भांडे धुवावे. सूपाचे भांडे मुठीला धरून उचलू नये, तळाला हात द्यावा. तांब्या-पितळेसाठी आपण वापरतो ती चिंच, कोकम किंवा लिंबू येथे मुळीच चालत नाही, कारण आम्लाने झिलईवरचे रंग निस्तेज होतात. राख आणि घासणी सोनेरी रेघ खाऊन टाकतात.

मातीच्या भांड्याच्या झिलईवर केसासारख्या चिरांचे जाळे असेल तर ते पाण्यात भिजत ठेवू नये. माझ्या मावशीकडे अशाच एका मोठ्या तबकाला चिरांतून हळदीचा पिवळा डाग उतरला होता. कोणीतरी सुचवले म्हणून ते रात्रभर कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवले. डाग गेला, पण पुढच्या काही महिन्यांत त्याच तबकावरच्या गुलाबाच्या कडेला पांढरी पूड फुटू लागली, बोट लावले की ती झडे, आणि तिच्याबरोबर झिलईचे खवलेही सुटू लागले. ब्लीचमधले क्षार मातीत मुरतात आणि वाळताना स्फटिक होऊन झिलईला आतून ढकलतात. डाग राहिला तर राहू द्यावा, ब्लीच वापरू नये, हे मी कळकळीने सांगतो.

धुतलेली भांडी दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळवूनच कपाटात ठेवावीत. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावे. खोक्याच्या पुठ्ठ्याला आपल्याकडे बुरशी आणि वाळवी लागते आणि वर्तमानपत्राची शाई दमट हवेत बशीवर उतरते, म्हणून दोन बशांमध्ये धुतलेल्या सुती लुगड्याचे तुकडे घालावेत. सहा-सातपेक्षा जास्त बशांची चळत करू नये. कप कानाने टांगू नयेत आणि एकात एक बसवू नयेत. भिंतीवर बशी लावायच्या स्प्रिंगच्या तारा कडेवर सतत ताण देतात, त्यापेक्षा लाकडी घडवंची बरी.

भांडे फुटलेच तर तुकडे, अगदी बारीक कणसुद्धा, एकेक करून वेगळ्या कापडात बांधून ठेवावेत आणि झटपट चिकटणारा गोंद लावू नये, कारण तो पुढे पिवळा पडतो आणि जोड चुकला तर सोडवणे कठीण जाते. जाणकार असिटोनमध्ये विरघळणारी अॅक्रिलिक राळ वापरतात, जी नंतर काढता येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात वस्तू-जतनाचे केंद्र आहे, तेथे आधी चौकशी करावी.

या सेटमध्ये जेवण वाढावे का, असे अनेकजण विचारतात. जुन्या रंगांत आणि झिलईत शिसे असू शकते, म्हणून सोलकढी, लोणचे, आंबट तिवळ यांना ही भांडी कधीही देऊ नयेत आणि रोजच्या वापरातही आणू नयेत. परदेशी असलेल्या मुलाला चार बशा पाठवायचा विचार असेल, तर आधी वय पाहावे : १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि खाजगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.