शुक्रवारचं इंजेक्शन आणि रात्रीची हुडहुडी

मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारासाठी मी आठवड्यातून एकदा इंटरफेरॉन बीटा-१ए या औषधाचं इंजेक्शन घेते, ३० मायक्रोग्रॅम, मांडीत. पहिल्या शुक्रवारी मध्यरात्री अशी हुडहुडी भरली की दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. घाबरू नका. इंटरफेरॉनमुळे अंगात फ्लूसारखीच लक्षणं उठतात आणि बहुतेकांना ती पुढे कमी होत जातात.

डॉक्टरांना विचारून बसवलेला माझा क्रम असा: साडेआठला वरणभात. तेव्हाच सिरिंज फ्रिजमधून बाहेर काढायची, गार औषध जास्त झोंबतं. नऊला पॅरासिटामॉल ५००ची एक गोळी. साडेनऊला इंजेक्शन, आणि लगेच अंथरूण. ताप चढेपर्यंत डोळा लागलेला असतो. गरज पडलीच तर दुसरी गोळी सहा तासांनी.

एक मात्र कळकळीने सांगते. सर्दीच्या गोळीचं पाकीट उलटून वाचा. त्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरा. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताला इजा होते, आणि इंटरफेरॉनचाही यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणूनच तर अधूनमधून रक्त तपासतात. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तापावर पॅरासिटामॉलऐवजी आयबुप्रोफेन घेत असाल, तर ते उपाशीपोटी नको. किडनीचा त्रास, अल्सर किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय नकोच. पावसाळ्यात ताप दुसऱ्या दिवसानंतरही उतरला नाही, तर तो इंजेक्शनवर ढकलू नका. डेंग्यू असला तर आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि मांडी दर वेळी बदला. मी कॅलेंडरवर प्रत्येक शुक्रवारी पेन्सिलने ‘डा’ किंवा ‘उ’ लिहून ठेवते.